सुताची तहान

२००४ साल होतं. अमेरिकेतल्या आलाबामा राज्यात, डोंगराच्या खिंडीत वसलेल्या टकर्स गॅप गावातली मोज्यांची शेवटची गिरणी त्या वर्षी बंद झाली. ती बंद होताना मी तिथेच होते. मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे, मोज्यांची तोंडं शिवणारी. विणून बाहेर पडलेला मोजा म्हणजे नुसती नळी असते, दोन्हीकडून उघडी. बोटांकडची बाजू शिवून बंद करायची, एवढंच माझं काम. पण ती शिवण जाड झाली तर दिवसभर बोटांना टोचते आणि सैल झाली तर अंगठा बाहेर डोकावतो. म्हणून माझ्यापुढे बसणारीचा हात हलका असावा लागतो.

माझा जन्म १९६१चा, उत्तरेकडच्या थंड मुलखातला. बिडाचं अंग, हिरवा रंग, कपाळावर पितळी पट्टी. पुढे गिरणीचे मालक झालेल्या ब्लान्सेट साहेबांच्या वडिलांनी मला मागवलं, तेव्हा गावात अशा सत्तर गिरण्या होत्या. लग्नं गिरणीत जमायची, भांडणं गिरणीत मिटायची. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकजण घरून एकेक झाकलेलं भांडं आणायचा आणि मोज्यांच्या जोड्या लावायच्या लांब टेबलावर पंगत मांडली जायची.

१९७७ साली व्हर्लीन टटल माझ्यापुढे येऊन बसली. एकोणीस वर्षांची, किडकिडीत, बोलण्यात तिखट. पुढची सत्तावीस वर्षं तिने मला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सकाळी आल्यावर आधी माझ्या अंगावरची सुताचे बारीक तंतू पुसायची, तेलाचे चार थेंब सोडायची, मगच स्वतःची कॉफी ओतायची. माझ्या आवाजावरून तिला माझं दुखणं कळायचं. हिवाळ्यात गिरणीत शेगड्या पेटल्या की हवा कोरडी पडायची आणि सूत तटातट तुटायचं. तेव्हा ती नवऱ्याचा जुना फ्लॅनेलचा सदरा भिजवून, घट्ट पिळून सुताच्या कोनांवर, म्हणजे शंकूसारख्या रिळांवर, अंथरायची. नव्या मुली हसायच्या. ती म्हणायची, "हसा. सुतालाही तहान लागते गं."

पुढे मोठ्या दुकानांनी ब्लान्सेट साहेबांना सांगायला सुरुवात केली, की बाहेरच्या देशातून मोजे स्वस्तात येतात, तुम्हीही भाव उतरवा. साहेब दरवर्षी उतरवत गेले. अखेर त्यांनी गिरणी एका मोठ्या कंपनीला विकली. ती कंपनी कुठल्या एका गावची नव्हती. तिचा कापूस एका देशात पिके, सूत दुसऱ्या देशात निघे आणि मोजा तिसऱ्या देशात विणला जाई. पायाला लागण्याआधीच एखादा मोजा माणसापेक्षा जास्त फिरलेला असे. जिथे काम स्वस्त तिथे काम, जिथे गिऱ्हाईक तिथे दुकान, असा तिचा हिशोब होता. कंपनीने टकर्स गॅपला तीन वर्षं दिली आणि मग आम्हा चाळीस मशिनींना मेक्सिकोत हलवायचं ठरवलं.

जुलै महिन्यात कंपनीचे प्रेंटिस नावाचे गृहस्थ आले. सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या काखेत एक निळं पुस्तक होतं. मशीन कशी लावायची, किती ताण, किती वेग, सगळं त्यात लिहिलेलं. हेच पुस्तक चार देशांत चालतं, असं ते अभिमानाने सांगत. त्यांच्याबरोबर मेक्सिकोहून एव्हेलिया आली होती. तिशीतली, दोन मुलांची आई. टेक्सासमध्ये दोन वर्षं घरकाम केलेलं, त्यामुळे इंग्रजी येत होतं. व्हर्लीनने तीन आठवड्यांत तिला माझ्यावर तयार करायचं होतं. म्हणजे आपल्याच जागी बसणारीला आपणच शिकवायचं.

व्हर्लीनची नणंद ओपल माझ्या शेजारच्या मशीनवर असे. ती भर पंगतीत म्हणाली, "शिकव, शिकव. घराच्या किल्ल्याही देऊन टाक तिला. आणि कुत्र्याला काय घालायचं तेही सांगून ठेव."

व्हर्लीन बटाट्याचं सॅलड वाढत होती. मान वर न करता म्हणाली, "पुस्तकात आहे तेवढं शिकवीन. त्यापुढे एक अक्षर नाही."

आणि तिने तसंच केलं. एव्हेलिया गुणाची होती. गावातल्या तरुण मुली थोरल्या बाईला आदराने म्हणतात तसं तीही तिला 'मिस व्हर्लीन' म्हणू लागली. शुक्रवारी तिनेही मक्याच्या पोळ्यांचं भांडं आणलं. पहिल्यांदा कुणी हात लावला नाही. मग गिरणी विकल्यावरही शुक्रवारच्या पंगतीला येणाऱ्या ब्लान्सेट साहेबांनी उठून एक पोळी घेतली आणि बाकीचे उठले.

एव्हेलियाने बोलता बोलता एकदा सांगितलं होतं, की मेक्सिकोतल्या आमच्या तोरेओन शहरात पाऊस फारसा पडत नाही, नुसती धूळ उडते. ते ऐकून व्हर्लीनचा हात माझ्यावर क्षणभर थबकला. जुलैच्या दमट हवेत सूत लोण्यासारखं पळत होतं. कोरड्या हवेत काय करायचं हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. व्हर्लीनच्या आला, आणि ती गप्प राहिली. मी तिच्यावर रागावले नाही. रात्रंदिवस तिच्या मनात एकच आशा होती, की तिकडे जमलं नाही तर काम परत टकर्स गॅपला येईल.

ऑगस्टमध्ये आम्हाला तोरेओनला नेणाऱ्या ट्रकांत चढवलं. त्याआधी व्हर्लीनने मला नेहमीसारखं पुसलं, तेल घातलं. कॉफी मात्र ओतली नाही.

तोरेओनची गिरणी नवी कोरी, लख्ख पांढरी होती. आणि हवा अशी कोरडी की आठवडाभरातच सूत तुटू लागलं. सुया मोडल्या, शिवणी वाकड्या झाल्या. प्रेंटिस साहेबांनी निळं पुस्तक पुन्हा पुन्हा उघडलं. ताण कमी केला, वेग कमी केला, तरी दहातले तीन मोजे बाद होत होते. पुस्तक लिहिणाऱ्याने ते दमट गावात बसून लिहिलं होतं. त्याला तहान ठाऊकच नव्हती.

नोव्हेंबरात, मेक्सिकोत गेलेल्या माणसांची आठवण करतात त्या मृतांच्या सणानंतरच्या सोमवारी, प्रेंटिस साहेबांनी बायकांना एकत्र बोलावलं. नाताळपर्यंत काम सुधारलं नाही तर कंपनी इथलं काम समुद्रापार नेईल, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती. त्या गिरणीत एकशेवीस बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या घरांत दुसरी मिळकत नव्हती.

त्याच दुपारी एव्हेलियाने मुकादमाकडून त्याचा मोबाइल टेलिफोन मागून घेतला आणि माझ्यापाशी बसूनच टकर्स गॅपला व्हर्लीनच्या घरचा नंबर लावला. व्हर्लीन घरीच होती. एव्हेलियाने फार काही सांगितलं नाही. "मिस व्हर्लीन, जरा ऐका," म्हणाली आणि टेलिफोन माझ्या सुईजवळ धरून मला चालू केलं.

मी चालले. किर्र किर्र करत दहा टाके गेले आणि चट् करून सूत तुटलं.

एव्हेलियाने टेलिफोन कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही पुसटसा ऐकू येत होता.  मग व्हर्लीनने विचारलं, "तुमचं काम बंद पडलं तर ते इकडे परत येईल का गं?"

"नाही, मिस व्हर्लीन. समुद्रापार जाणार म्हणाले."

"नक्की?"

"त्यांनीच सांगितलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

 एव्हेलिया वाट पाहत राहिली. 

शेवटी व्हर्लीन म्हणाली, "घरात जुना फ्लॅनेलचा सदरा आहे? नवऱ्याचा असला तर उत्तम. भिजव, घट्ट पिळ आणि कोनांवर टाक. पाणी टपकता कामा नये. तासातासाने बघ." मग ती म्हणाली, "हे तुला जुलैतच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मुद्दाम."

एव्हेलियाने माझ्या सुईतला तुटका धागा काढून टाकला. मग म्हणाली, "माझं काम जात असतं तर मीही सांगितलं नसतं." मग दोघी हसल्या, थोड्याशाच.

दुसऱ्या दिवशी चाळीस मशिनींवर चाळीस नवऱ्यांचे सदरे पसरले होते. आठवड्याभरात सूत सरळ पळू लागलं. काम तोरेओनलाच राहिलं. निळ्या पुस्तकात एक ओळ वाढली, 'कोरड्या हवेत सूत ओलसर ठेवावे.' नाव मात्र कुणाचंच नव्हतं.

व्हर्लीनने ही गोष्ट स्वतःच ओपलला सांगितली, असं पुढे तिने एव्हेलियाला लिहिलेल्या पत्रातून कळलं. ओपल ईस्टरपर्यंत तिच्याशी बोलली नाही. मग एका रविवारी घरी भाजलेला फळांचा केक घेऊन दारात आली आणि म्हणाली, "जास्तीचा झाला होता."

पुढे ओपल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. ब्लान्सेट साहेब दोन वर्षांत गेले. त्यांच्या दफनाला गिरणीतले सगळे आले, रागावलेलेसुद्धा. प्रेंटिस साहेबांना कंपनीने २००९ साली कमी केलं. त्यांचं काम आता आणखी दूरचं कुणीतरी करतं. कंपनी २०१२ साली समुद्रापार गेलीच, कारण तिथे विणणं आणि शिवणं एकदमच करणाऱ्या मशिनी आल्या होत्या. मला भंगारात काढलं, तेव्हा एव्हेलियाने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून मला उचलून आणलं. आता मी तिच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळकरी मुलांचे मोजे शिवते. एव्हेलियाचे केस पिकले आहेत. व्हर्लीनने वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा केली, मग तिचीच बोटं संधिवाताने वाकली. ती २०१९च्या वसंतात वारली. त्या दिवशी एव्हेलियाने मला चालवलं नाही. नुसतं पुसलं, तेल घातलं आणि शेजारी बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, दोन थेंब तेल द्या. आणि तुम्हाला कुणी हाताला धरून एखादं काम शिकवलं असेल, तर ते पुढच्याला शिकवताना त्या माणसाचं नावही सांगा. पुस्तकात ते कुणी लिहीत नाही.