अनंताच्या खड्ड्यातली माती

मी माती आहे. सातपूरच्या कामगार वसाहतीत सावळीराम फिटरांच्या घरापुढे तीन हात रुंद पट्टी आहे, तिथली. मूळची काळी, चुनखडीची. त्यात शहात्तर साली घर बांधताना गवंड्यांनी उरलेला चुना आणि सिमेंटही माझ्यातच पुरलं.

सावळीरामांच्या पत्नी यशोदाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवत. घोटीला त्यांच्या आईच्या दारात अनंताचं झाड होतं. दर पौर्णिमेला आई त्याची फुलं बुद्धमूर्तीपुढे ठेवायची. आई वारली, घराची जागा रस्त्यात गेली. झाड तुटण्याआधी यशोदाबाईंनी तीन फांद्या आणल्या आणि डब्यांत जगवल्या.

पहिलं रोप माझ्यात लावलं. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. महिनाभरात ते गेलं. दुसरंही गेलं. यशोदाबाई वेळेवर पाणी घालत, शेणखत घालत. खोट माझ्यात होती आणि मला ती सांगता येत नव्हती. दुसरं रोप त्यांनी उपटून टाकलं. आता एकच उरलं होतं.

कारखान्यात सावळीरामांच्या जोडीला पेठ तालुक्यातले मंगळूभाऊ होते. एका रविवारी ते चहाला आले, तेव्हा यशोदाबाईंनी त्यांना मला दाखवलं. त्यांनी माझं ढेकूळ उचललं, त्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला.

"वहिनी, हिच्यात चुना लय हाय. अनंताला आंबट माती लागते."

मे महिन्याच्या सुट्टीत ते गावाहून एसटीच्या टपावर दोन पोती घेऊन आले. एकात तांबडी माती, दुसऱ्यात जंगलातला कुजलेला पाला. दोघा पुरुषांनी दोन हात खोल खड्डा घेतला. यशोदाबाईंनी चुन्याचे खडे एकेक करून वेचले. निम्मी मी बाहेर गेले. उरलेलीत तांबडी माती, पाला आणि द्राक्षबागेत भुरी रोगावर मारतात ते गंधक मूठभर कालवलं.

यशोदाबाई लगेच डबा घेऊन आल्या. रोपाची मुळं डब्याच्या भोकांतून बाहेर आली होती. हेही गेलं तर, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"आज नको," मंगळूभाऊ म्हणाले. "दिवाळीपर्यंत हिला मुरू द्या."

डबा घेऊन त्या परत आत गेल्या. माझ्यासाठी कुणी थांबलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

पावसाळाभर गंधक माझ्यात हळूहळू मुरलं आणि मी आंबट होत गेले. दिवाळीनंतर यशोदाबाईंनी स्वतः लिंबू पिळून पाहिलं. या वेळी फेस आला नाही. रोप लागलं, आणि दुसऱ्या वैशाखी पौर्णिमेला फुललं. पहिलं फूल मूर्तीपुढे गेलं. दुसरं सावळीरामांनी कारखान्यात नेलं. मंगळूभाऊंनी ते अख्खी पाळी खिशात बाळगलं म्हणे.

आज सत्त्याऐंशी साल आहे. अनंत खिडकीच्या वर गेलाय. परवा शेजारच्या सुलाबाई फांदी मागायला आल्या. यशोदाबाई म्हणाल्या, "फांदी देईन. आधी घमेलं आणा, माती न्या."

घमेल्यात बसून मी शेजारी निघाले आहे. ज्यांनी मला हात लावला त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्या अंगणात काही जगत नसेल, तर रोपाला नावं ठेवण्याआधी मला एकदा हातात घेऊन बघा. मी सुधारते.