कानामागचं हाड

डॉक्टरबाईंनी बारीक नळी मिस्त्रीच्या डाव्या कानात घातली आणि पू ओढून घेतला. खोलीभर वास सुटला. त्यांना त्याची सवय होती, पण कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोने लाजून मान खाली घातली.

“पडद्याला केवढं भोक पडलंय. इतकी वर्षं कान वाहतोय, दुखणं अंगावर का काढलंत?”

“सांगून थकले मी,” बायको म्हणाली. “आधी माझं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. आता तर शिरतसुद्धा नाही.”

मिस्त्री हसला. त्याच्या गॅरेजात गाडीचं दुखणं कानाने पकडायची रीत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतली बारीकशी खडखडही कळते.

“मूठ मी डावीकडेच लावतो, बाई. स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे वाट तेवढी तुंबलीय, आतला माल ठणठणीत आहे. पडदा शिवा, की झालं.”

बाईंनी वाद घातला नाही. ऐकू आलं की बोट वर करा, असं सांगून त्यांनी दोन पायांचा नादकाटा ठोकला आणि त्याच्या डाव्या कानामागे टेकवला. बोट लगेच वर गेलं.

“बघ,” तो बायकोला म्हणाला.

मग बाईंनी त्याच्या उजव्या कानाशी घरघर करणारं छोटं यंत्र धरलं आणि काटा ठोकून पुन्हा डाव्या कानामागेच टेकवला. काटा थरथरताना बायकोला दिसत होता. मिस्त्री गुडघ्यावर बोट तयार ठेवून बसून होता.

“ठोका की,” तो म्हणाला.

बाईंनी यंत्र बाजूला केलं.

“ठोकला होता, मिस्त्री. या घरघरीने उजवा कान बुजवला, म्हणून ऐकू आला नाही. डोक्याचं हाड सगळं एकच. डावीकडे लावलेला आवाज इतके दिवस तुमचा उजवा कान ऐकत होता. डावा आतूनच गेलाय. ऑपरेशन करावं लागेल, पण ते हाडाला लागलेली कीड मेंदूकडे सरकू नये म्हणून. ऐकू यायचं नाही.”

लोक लांबून मिस्त्रीकडे गाड्या आणत, कारण त्याचं निदान चुकत नसे. स्वतःच्या बाबतीत ते इतकं चुकावं, हे त्याला कान गेल्याहून जास्त लागलं.

“असू दे,” तो म्हणाला. “एकावर धंदा चालेल. उजवा आहे ना.”

बायको उठून त्याच्या पाठीमागे आली आणि बाईंना ऐकू जाईल इतकंच बोलली.

“हे उजव्या कुशीवर झोपले तरी हल्ली उशीचा अभ्रा खराब होतो. मी गुपचूप बदलते. यांना सांगायचा धीर झाला नाही.”

बाईंनी खुर्ची हळूच फिरवली. उजवा कान दिव्याखाली यायच्या आत मिस्त्रीने त्याच्यावर तळहात दाबून धरला.

“इकडचा नको, बाई. हा चांगला आहे.”

बायकोने त्याचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला.