पायाचा खड्डा

शेळ्यांची धार काढून दगडाबाई झोपडीत आली तेव्हा उन्हं कासराभर वर आली होती आणि साखराची वाकळ रिकामी पडली होती. नऊ वर्षांची पोर, शेजारी छबुबाईकडे गेली असेल म्हणून तिनं चूल पेटवली. भाकरी झाल्या तरी पोर आली नाही. छबुबाईकडे नव्हती, आडावर नव्हती, मेंढ्यांच्या कुपातही नव्हती. दुपार होईतो धनगरगल्लीतल्या बायका तिन्ही आडांत वाकून पाहून आल्या. कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. प्रत्येकीच्या मनात एकच गोष्ट होती आणि दगडाबाईच्या तोंडावर ती काढायला कुणी धजत नव्हतं.

टाकळी कसब्याचा पूल पडून तेव्हा दोन महिने झाले होते.

सिंदफणा कसब्याच्या मधूनच वाहायची. अलीकडं धनगरगल्ली, मोमीनपेठ आणि बाजार; पलीकडं कचेरी, पोलिसांची चौकी आणि बीडला जाणारी सडक. निजाम सरकारनं दगडी पूल बांधून दिला त्याला चार वर्षंही झाली नव्हती. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी मधल्या दोन कमानी एकाएकी खाली बसल्या. अकरा माणसं पाण्यात गेली. नऊ जणांची मढी सापडली, दोघांची सापडली नाहीत. एक मोमीनपेठेतला म्हातारा विणकर, आणि दुसरा दगडाबाईचा नवरा बंकट. तो मेंढरं घेऊन पलीकडून येत होता.

त्या दिवशी कसबा एका घरासारखा वागला होता. मोमिनांनी मागावरचं सूत काढून त्याचे पीळ घातले आणि दोर करून पाण्यात सोडले. भोयांनी उड्या घेतल्या. मशिदीतल्या चटया आणून मढ्यांवर घातल्या, आणि कोणती चटई कुणावर पडली हे कुणी पाहिलं नाही. आठ दिवस बाजारच्या ओट्यावर एकच चूल पेटत होती. ज्यांची नावंही दगडाबाईला ठाऊक नव्हती, अशा घरांतून तिच्या झोपडीत ज्वारी आली.

मग लोक विचारायला लागले, पूल पडला कावून? उत्तर तसं समोरच होतं. पडक्या कमानीतला चुना नखानं खरवडला तरी भुगा होऊन हातात यायचा. पण पूल बांधणारा गुत्तेदार हैदराबादेला जाऊन बसला होता, तिथवर कुणाचा हात पोचणार? जिथं हात पोचतो तिथं लोक बघायला लागले. नदीला काही दिलं नव्हतं म्हणून तिनं पूल नेला, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पोळा झाल्यावर नव्या पायासाठी वडारांची सात पालं नदीकाठी उतरली, तेव्हा त्या बोलण्याला हातपाय फुटले. आता हे पुलाच्या पायात लेकरू पुरणार, असं आया कुजबुजू लागल्या. लेकरांच्या गालाला काजळ लागलं, दंडात काळे दोरे आले, नदीकडं जायची बंदी झाली.

साखरा मात्र जायची. मेंढरं त्याच अंगाला चरायची. वडारांच्या मुकादमाची बायको तिम्मव्वा तिला बोलवून भाकरीचा तुकडा द्यायची, तिचं तान्हं पोर साखराच्या मांडीवर ठेवायची. दगडाबाईनं दोनदा दटावलं होतं. या बोलण्यावर तिचा विश्वास होता असं नाही. पण नव्हता असंही तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

त्यातच चार दिवस हत्तीचा पाऊस कोसळला. नदी दोन्ही काठ धरून चालली होती. पूल पडल्यापासून लोक गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करायचे. त्या काहिली आता काठावर पालथ्या पडल्या होत्या. पलीकडचा पोलीस अलीकडं येऊ शकत नव्हता. अलीकडं पाटील आप्पाराव आणि त्यांची काठी, एवढाच काय तो सरकारचा अंमल होता.

तिसऱ्या प्रहरी छबुबाई धावत आली. तिला धाप लागली होती. सकाळी साखराला पालांजवळ पाहिल्याचं कुणीतरी सांगितलं, ते ऐकून दगडाबाईचा दीर सिदू काठी घेऊन निघाला होता आणि त्याच्यामागं सगळा बाजार गेला होता. पायाच्या दगडावर रक्त सापडलं, असंही ती म्हणाली आणि तिनं तोंडावर पदर घेतला.

दगडाबाई नदीपर्यंत कशी पोचली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. काठावर शे-दीडशे माणूस जमलं होतं. तीन पालं आडवी झाली होती, चुलीवरची मडकी फुटून कण्या चिखलात सांडल्या होत्या. वडारांच्या बायका लेकरं पोटाशी धरून गाढवांच्या आड बसल्या होत्या. तिम्मव्वाचं मनगट दगड लागून वाकडं लोंबत होतं आणि दुसऱ्या हातात तान्हं किंचाळत होतं. तिचा नवरा यल्लप्पा गुडघ्यावर होता. सिदूनं त्याचं मुंडासं सोडून त्याच्याच गळ्यात आवळलं होतं.

आप्पाराव पाटील जरा लांब उभे होते. ते कुणाला पुढं ढकलत नव्हते की मागंही ओढत नव्हते. वारं कोणीकडं फिरतं ते बघत होते.

माणसांनी दगडाबाईला वाट करून दिली. त्या वाटेच्या टोकाला पायाचा खड्डा होता. आज सकाळीच भरलेला, वर ओली माती आणि चुना, आणि कडेच्या घडीव दगडावर काळपट रक्ताचे ओघळ.

क्षणभर तिला वाटलं, सिदू करतोय तेच खरं. यल्लप्पाच्या डोक्यात दगड घालावा आणि सगळं संपवावं. तिच्या एका शब्दाची ही शे-दीडशे माणसं वाट बघत होती. तो शब्द तिच्या तोंडात आलाही होता.

यल्लप्पानं मान वर केली. "अक्का, बकरं हाय," तो कसंबसं म्हणाला. "मरीआईला बकरं दिलं. लेकरू न्हाई."

मागून कुणीतरी शिवी हासडली. सिदूनं पीळ आणखी आवळला.

"सोड त्याला," दगडाबाई म्हणाली.

"वैनी, तू मधी पडू नको."

"सोड म्हणते ना. आदी खड्डा उकरा. माझी लेक त्यात निघाली तर तुमच्या आदी मी त्याला मारीन."

कुणी हललं नाही. खड्डा उकरायची मागणी इतका वेळ एकानंही केली नव्हती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. सगळ्यांना आत काय आहे ते आधीच माहीत होतं. तिनं पडलेली पहार उचलली आणि स्वतः खड्ड्यात उतरली.

वरची माती मऊ होती. खालचा चुना आळायला लागला होता, त्याची ढेकळं निघत. पहारीचा प्रत्येक घाव ती अलगद घालायची; जोरानं घालावा तर खाली पोर असली म्हणजे? तिनं पहार टाकली आणि हातांनी उकरायला सुरुवात केली. चुना नखांत शिरून झोंबायला लागला. थोड्या वेळानं समोर आणखी दोन हात आले. यल्लप्पा होता, गळ्याभोवती लाल वळ उठलेला. मग तिसरा माणूस उतरला, मोमीनपेठेतला कासीमभाई. बंकटबरोबर जो म्हातारा विणकर सापडला नव्हता, तो त्याचा बाप. मघापर्यंत तोही गर्दीतच होता. तिघं उकरत होते आणि वर शे-दीडशे माणसं वाकून बघत होती.

कंबरभर खोलीवर तिच्या बोटांना केस लागले.

ती थांबली. डोळे मिटले. केस ओले होते, चुन्यानं चिकटलेले. तिनं बोटं पुढं सरकवली आणि मग तिच्या हातानंच तिला सांगितलं. लहानपणापासून ती जनावरांत वाढली होती. तो केस माणसाचा नव्हता. तिनं दोन्ही हातांनी ते वर काढलं. काळ्या करडाचं मुंडकं होतं, कपाळाला हळद लावलेली. त्याखाली एक नारळ निघाला आणि त्याखाली नुसता मुरूम.

दगडाबाईनं ते मुंडकं काठावर ठेवलं आणि खड्ड्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं.

एवढ्यावर संपेल असं तिला वाटलं होतं. पण मागच्या बाजूनं आवाज आला की हा एकच खड्डा कशावरून. पाण्यात सुद्धा पाया धरलाय, तिथं टाकली असेल. गर्दीत पुन्हा हालचाल झाली. सिदूनं काठी उचलली. आता त्याला थांबता येत नव्हतं. थांबला असता तर आतापर्यंत केलं ते काय होतं, हे त्याला स्वतःला सांगावं लागलं असतं.

दगडाबाई वर आली. सरळ तिम्मव्वाजवळ गेली आणि तिच्या शेजारी चिखलात बसली. तिच्या कडेवरचं तान्हं तिनं आपल्या मांडीवर घेतलं.

"माझी पोर सापडंस्तोवर मी हितंच बसते," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "कुणाला दगड मारायचा आसंल तर मारा. पण दिस बुडाया आलाय. माझी लेक कुटंतरी एकली हाय, आन तुमी शंभर माणसं हितं उभी हाव. पाटील, तुमी तरी सांगा, हिला हुडकायचं कुणी?"

आप्पारावांनी घसा खाकरला. वारं फिरलेलं त्यांना कळलं असावं. त्यांनी काठी आपटली आणि माणसांची वाटणी केली: मोमीनपेठेनं खालच्या अंगाला जावं, बाजारकऱ्यांनी वरच्या, धनगरांनी माळावर. पहिल्यांदा चार-पाच जण हलले, मग पंधरा-वीस. हळूहळू काठ मोकळा झाला. सिदू सगळ्यांच्या शेवटी गेला. काठी त्यानं तिथंच टाकली.

मग दगडाबाई आणि तिम्मव्वा तशाच बसून राहिल्या. यल्लप्पानं बांबूच्या दोन कामट्या लावून बायकोचं मनगट फडक्यानं बांधलं. बांधताना तिम्मव्वा ओरडली नाही, नुसती दगडाबाईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून होती. तिनं एकदाच विचारलं, साखरा घरून काही खाऊन निघाली होती का.

दिवेलागणीच्या थोडं आधी कासीमभाई पळत आला. पोर जिवंत होती.

कसब्यापासून कोसभर खाली एक ओढा सिंदफणेला मिळायचा आणि त्याच्या पलीकडं भोयांची वस्ती होती. सकाळी ओढ्याला गुडघाभर पाणी होतं तेव्हा साखरा तो ओलांडून गेली. मग वर कुठंतरी पाऊस पडला आणि ओढा छातीला लागला. वस्तीतल्या सुग्रीव भोयानं तिला धरून ठेवलं, उतार मिळाला की पोचवतो म्हणून. कासीमभाईनं अलीकडून हाका मारल्या, सुग्रीवानं पलीकडून पोरीला खांद्यावर उचलून दाखवलं.

"पन गेली कावून तिकडं?" दगडाबाईनं विचारलं.

"वस्तीपाशी नदीच्या वळणावर वाहून आलेलं अडकतं म्हणून तिनं ऐकलं होतं," तो म्हणाला. "बापाला हुडकाया गेलती. सुग्रीवला तिनं दोघांचं विचारलं. माझा बाप आन एक म्हातारबाबा, दोघं हायत, म्हनली."

तेव्हा दगडाबाई रडली. मांडीवरचं तान्हंही जागं होऊन रडायला लागलं आणि तिम्मव्वानं एका हातानं ते ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा उतरला आणि सुग्रीव पोरीला घेऊन आला. तिला कुणी मारलं नाही, रागावलंही नाही. बंकट सापडला नव्हता. तो पुढंही कधी सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी वडारांनी पालं गुंडाळली. पाटलांना मोठी धास्ती पडली. पाया तसाच राहिला तर वरून विचारणा होणार, आणि पूल आणखी किती वर्षं लांबणार कोण जाणे. ते स्वतः दगडाबाईच्या दारात आले. वडार तिचं ऐकतील, तिनं त्यांना थांबायला सांगावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मी सांगनार न्हाई, पाटील," ती म्हणाली. "दगड ज्यांनी मारले त्यांनी जाऊन सांगावं."

पाटील गेले नाहीत. बाजारातूनही कुणी गेलं नाही. सिदू तेवढा गेला. यल्लप्पासमोर उभा राहिला. मग वाकून त्यानं छिन्न्या-हातोड्यांचं पोतं उचललं आणि गाढवावर नीट लादून दिलं. यल्लप्पानं त्याला अडवलं नाही.

चकलांब्याकडं विहिरीचं काम होतं, तिकडं ते निघाले. तिम्मव्वाला एका हातानं पोर पेलवत नव्हतं, म्हणून दगडाबाईनं ते घेतलं आणि शिवेपर्यंत चालत गेली. साखरा मागून करडू ओढत येत होती. एक काळं करडू तिम्मव्वाला द्यायचं म्हणून तिनं आईकडून मागून घेतलं होतं.

शिवेवर सगळे थांबले. तिम्मव्वानं पोर झोळीत घालून घेतलं.

"पुन्ना काम निघालं तर येशील का गं?" दगडाबाईनं विचारलं.

तिम्मव्वानं मागं कसब्याकडं पाहिलं. तिथून पुलाची उभी राहिलेली एक कमान दिसत होती. "न्हाई अक्का," ती म्हणाली. "तू चकलांब्याला ये. पोरीला आन."

मग तिनं करडाचा दोर साखराच्या हातातून घेतला आणि ती गाढवांच्या मागं चालू लागली.