जिलेटिनात थांबलेली रेघ

चहाची किटली शिट्टी घालून थकली, बाकीच्या बायका उठल्या, कुणी जाता जाता पाठीवर थापही मारली. पण ऑड्री टोव्ही सूक्ष्मदर्शकाला चिकटली ती चिकटलीच.

विलायतेत एव्हन नदीकाठच्या गावात टेकडीवर एक प्रयोगशाळा होती. तिथं बायका दिवसभर काचा पाहत. काचेवर जुन्या कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेसारखाच जिलेटिनचा थर, पण चांगला जाड. अशा काचा फुग्याला बांधून आभाळात सोडायच्या आणि खाली आल्या की रसायनात धुवायच्या. आभाळातून येणारा, अणूहूनही बारीक कण थरात घुसला की मागे काळ्या दाण्यांची रांग उरते. कण कुणाला दिसत नाही. गोगलगाय निघून जावी आणि मागे चकचकीत वाट उरावी, तसली गत. कण जोरात असला तर दाणे विरळ पडतात, दमला की दाट, आणि अगदी थांबायला आला की रेघ दारुड्यासारखी झोकांड्या खाते.

ऑड्रीला अशीच झोकांड्या खाणारी रेघ सापडली होती. ती एका जागी संपली होती. आणि संपली तिथूनच दुसरी, विरळ दाण्यांची, ताज्या दमाची रेघ निघाली होती. एक मेला आणि त्याच जागी दुसरा जन्मला!

जिला असं काही सापडेल तिचं नाव फोटोखाली छापायचं, हा प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टर प्रॉसर यांचा शिरस्ता होता. इथं येण्याआधी ऑड्री सिगारेटच्या कारखान्यात पाकिटं भरायची. तिनं भरलेलं पाकीट कुठलं, हे तिलाही ओळखता आलं नसतं. इथं निदान एका चित्राखाली आपलं नाव यावं, ही एकच आस तिनं धरली होती. पण दुसराही एक शिरस्ता होता. दोघींचं एकमत झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही. लढाई संपून काही वर्षं झाली तरी फिल्म मिळायची मारामारच होती.

दुसरी नजर इनिड पास्कोची. इनिडनं बन खाऊन हात पुसले, डोळा लावला, भिंग वरखाली करायचं चाक मागंपुढं फिरवलं आणि नाक मुरडलं.

"अगं, जुळत नाहीयेत त्या."

"नीट बघ की!"

"नीटच बघतेय. जाडी रेघ संपते ती काचेच्या अगदी जवळ. बारकी काचेतून वर आलीय, आपल्या वाटेनं चाललेली परकी. योगायोगानं जाडीच्या टोकाखाली सापडली. तू तिला उगाच जाडीची लेक करून टाकलंस."

"अन् तुला काच दिसली कुठं तिथं?"

"तुला जोड तरी दिसला का?"

भांडण खरंच होतं. धुतल्यावर जिलेटिन आक्रसतं. मग थरातलं वरखालचं अंतर इतकं चेपतं की वरचा दाणा कुठला आणि खालचा कुठला, हे डोळ्याला उमगत नाही. ऑड्रीला जोड दिसत होता, कारण तिला तो हवा होता. इनिडला दिसत नव्हता, कारण तो ऑड्रीला हवा होता.

डॉक्टर आले. त्यांनीही पाहिलं, मान खाजवली. "सांगता येत नाही, टोव्हीबाई. अशीच राहू द्या. पुढंमागं कुणी चांगली भिंगं आणील."

"डॉक्टर, फुगवून बघितलं तर?"

फुगवणं म्हणजे ग्लिसरीन घातलेल्या पाण्यात काच भिजवणं. थर फुगतो, चेपलेलं अंतर परत मोकळं होतं. पण भिजलेल्या थराचा भरवसा नाही. कधी तो काचेला धरून राहतो, कधी सोडतो.

"सुटला तर फोटो गेला," डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय! तिथं काय झालं ते कळायला नको का?"

इनिड पुटपुटली, "हिला मरायची हौस." पण भिजवायची ताटली तिनंच आणून दिली.

काच भिजली. ऑड्रीनं ती हलकेच भिंगाखाली सरकवली आणि चाक फिरवलं. जाडी रेघ खाली उतरत गेली, झोकांडली, थांबली. बारकी तिथूनच निघाली. त्यांच्या खाली अजून बरंच स्वच्छ, रिकामं जिलेटिन होतं, आणि मग कुठं काच लागली. बारकी रेघ काचेपर्यंत पोचतच नव्हती.

"इनिड, ये."

इनिडनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आई गं," एवढंच म्हणाली. मग डॉक्टरांनी पाहिलं, आणि त्यांचं पाहून होतं न होतं तोच थराची कड उचलली. दुधावरची साय सुरकुतावी तसं सगळं गोळा झालं. कॅमेरा खोलीतच होता, पण झाकण काढायलाही सवड मिळाली नाही.

डॉक्टरांनी तिघांपुढं कोरे कागद ठेवले. "आठवतंय तोवर काढा. एकमेकांचं बघायचं नाही." आणि हळूच म्हणाले, "फोटो नाही तर नाही. टोव्हीबाईंचं चित्र पाठवीन, खाली नाव घालून. तिघांनी पाहिलंय म्हणून लिहीन."

कागद शेजारी शेजारी मांडले. इनिडची बारकी रेघ डावीकडे वळली होती. डॉक्टरांची बाणासारखी सरळ, जशी त्यांच्या हिशेबात यायला हवी होती तशी. ऑड्रीची लांबच लांब, कागद पुरला नव्हता.

ऑड्री आळीपाळीनं तिन्ही कागद पाहत राहिली. आपल्या रेघेत तिला आपली हाव दिसली. पण मग खरी कशी होती? वळली होती का? किती लांब गेली होती? मघाशी डोळ्यात तेल घालून पाहिलं होतं, आणि आता छातीवर हात ठेवून सांगवत नव्हतं.

"नको, डॉक्टर," ती म्हणाली. "नाव नको."

"अहो, पण दिसलं ते खरं होतं!"

"होतं ना. पण यातलं एकही चित्र त्या कणानं काढलेलं नाही. तिन्ही आपणच काढलीत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागद गोळा केले.

ऑड्रीनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि त्याच फुग्यातून आलेली दुसरी काच ओढून घेतली.

"डावीकडे वळली होती हां," मागून इनिड म्हणाली.

"गप गं. वळली असेल तर अजून एखादी वळेल. मग बघू."

"अन् तेव्हा आधी फोटो!"

"आधी तुझं एकमत," ऑड्री म्हणाली, आणि भिंगावर वाकली.