बिनदुधाचा चहा

"मान वर कर की गं! टिळा काय फरशीला लावू?"

हौसाबाईंनी सिर्जनाची हनुवटी धरून वर केली आणि दही, तांदूळ, कुंकू कालवलेला गोळा तिच्या कपाळावर दाबून बसवला. कानामागे घटावरच्या धानाचा तुरा खोवला. हॉलमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिर्जनाने मात्र ओढणीने कपाळ पुसलं, धान टेबलावर ठेवलं आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

"अगं बाई! हिला काय झालं?" हौसाबाई दह्याने माखलेला हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

मानपाड्याच्या सोसायट्यांत वॉचमनकी करणाऱ्या नेपाळी कुटुंबांसाठी एका संस्थेने हे शुक्रवारचं केंद्र काढलं होतं. मुलींचा अभ्यास, बायकांच्या कागदपत्रांची खटपट, आणि दोन घटका बसून बोलणं. सिर्जना त्यांतल्याच एका वॉचमनची मुलगी. संचितामॅडम ते चालवायच्या आणि हौसाबाई त्यांच्या मदतनीस. तीस वर्षं दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई, रिटायर होऊन घरात बसणार थोडीच! सगळी सोसायटी ज्यांना सरसकट 'बहादूर' म्हणायची, त्या प्रत्येकाचं खरं नाव हौसाबाईंना पाठ होतं. या लोकांच्या दसऱ्यालाही आपल्यासारखंच धान लागतं आणि वॉचमनच्या खोलीत ते पेरायला जागा नसते, हे कळल्यावर त्यांनी यंदा आपल्या घटाशेजारी दोन परड्या जास्तीच्या पेरल्या. त्यांच्यात दसऱ्याचा हा टिळा पौर्णिमेपर्यंत चालतो म्हणून आजचा शुक्रवारही त्यांनीच ठरवला होता.

एवढ्या गुणाच्या बाईत खोट एकच. तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत चार बिल्डिंगांत पोचायचं. कुणी टोकलं तर म्हणायच्या, "मी काय वंगाळ सांगते का? माणसाला माणसाचं कळाया नको?"

"मावशी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? सोडून द्या," संचितामॅडम म्हणाल्या.

"मुद्दाम न्हाई केलं म्हणून लागायचं ऱ्हातंय का?"

शनिवारी सकाळी सातलाच हौसाबाई सिर्जनाच्या सोसायटीत जाऊन उभ्या राहिल्या. पोरगी दुसऱ्या मजल्याचा जिना पुसत होती. हे काम तिच्या आईचं. पण आई श्रावणात औषधपाण्यासाठी गावी गेली, ती अजून आलेली नव्हती.

हौसाबाई कोरड्या पायरीवर टेकल्या. "माझं काय चुकलं ते सांग बाई. कुवाऱ्या पोरीला टिळा लावत न्हाईत का तुमच्यात?"

"लावतात." सिर्जना फडकं पिळत राहिली. तिचा जन्म इथलाच, शाळाही इथलीच, मराठी चोख. "घरात कुणी गेलं तर नाही लावत. वर्षभर."

"कोण गेलं?"

तिने वरखाली बघितलं. सगळी दारं बंद होती. "आमा."

आमा म्हणजे आई, एवढं नेपाळी हौसाबाईंना येत होतं.

"पप्पा भादव्यात गावाला गेलेले ना, तेव्हाच. आमच्यात आई गेली की पोरं वर्षभर दूध नाही पीत, मावशी."

हौसाबाईंना एकदम केंद्रातला चहा आठवला. गेले चार शुक्रवार ही "चहा नको" म्हणत होती आणि त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हिरॉईन व्हायचंय बाईसाहेबांना!" सगळ्या हसल्या होत्या. ही पोरसुद्धा हसली होती. अरे देवा! सुतकात आपल्याकडेही घट बसत नाहीत. मग आपली अक्कल कुठे चरायला गेली होती?

"अगं, मग मला सांगायचं न्हाईस का गं?"

"तुम्हालाच सांगायचं नव्हतं."

रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली ती. "सोसायटीने खोली जोडप्याला दिलीय, मावशी. पप्पांनी गेट बघायचं, आमाने जिने. आमा नाही हे कळलं तर ते दुसरं जोडपं आणतील. माझी बारावी आहे, पेपर होईपर्यंत खोली पाहिजे. तुम्ही मॅडमना सांगणार, मॅडम चांगल्या आहेत, म्हणून त्या आमच्यासाठी बोलायला लगेच सेक्रेटरीकडे जाणार. नंतर मीच सांगेन मॅडमना. आत्ता नको."

'मी न्हाई कुणाला सांगायची,' हे शब्द हौसाबाईंच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग गुडघ्यावर हात रेटून उठल्या. "दे ते फडकं हिकडं. कॉलेजला उशीर हुईल तुला."

पुढचा आठवडा कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. भाजीवालीशी बोलताना दोनदा जीभ वळवळली, दोनदा त्या भाजी न घेताच घरी आल्या.

शुक्रवारी सिर्जना हॉलच्या दाराशी थबकली. तिने एकेका बाईचा चेहरा नीट पाहिला. कुणी हळहळलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. "आली का गं? बस," एवढंच एक जण म्हणाली आणि पुन्हा स्वेटर विणायला लागली. सिर्जना आत येऊन बसली.

हौसाबाईंनी चहाचा ट्रे आणला. त्यांचा चहा मानपाड्यात नावाजलेला. निम्मं दूध, आलं ठेचून, वर साय. पाणचट चहाला त्या काढा म्हणायच्या. आज ट्रेच्या कडेला दोन कप काळे होते. एक त्यांनी सिर्जनाच्या वहीशेजारी ठेवला, दुसरा स्वतः घेतला.

"हे काय मावशी? तुम्ही आणि बिनदुधाचा?" संचितामॅडमनी विचारलं.

"डॉक्टरनं दूध बंद केलंय माझं. एकटीला कडू लागतंय, म्हणून हिला घेतलं जोडीला."

"अरेच्चा! किती दिवस?"

"वरीसभर."

सिर्जनाने वर पाहिलं. हौसाबाईंनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्यांनी तोंड वाकडं करत घोट घेतला, गिळला आणि बायकांना बिस्किटं वाटायला लागल्या. सिर्जनाने कप दोन्ही हातांत धरला आणि फुंकर मारली.