दादा सोडायला येणार

“मॅडम, खरं सांगू का, गाडी इथे घेऊच नका,” शोरूममधला विक्रेता म्हणाला. “महिन्याभरात तुम्ही दुसऱ्या राज्यात राहायला चाललात. तिकडे गेलात की नंबर बदला, कर पुन्हा भरा, इथला परत मिळवायला खेटे घाला. तिकडे जाऊनच घ्या की निवांत.”

विकायला बसलेला माणूसच घेऊ नका म्हणतोय म्हटल्यावर कुणीही शहाणं माणूस त्याचे आभार मानून उठलं असतं. सिस्टर उठली नाही.

“इथूनच हवी,” ती म्हणाली. “माझा भाऊ सोडायला येणार आहे मला.”

तिला सगळे सिस्टरच म्हणत. उभा जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली बाई. गल्लीतले म्हणत, भाजीवाला म्हणे, एवढंच काय, सख्खी वहिनीसुद्धा तिला सिस्टर म्हणूनच हाक मारायची. आता लांबच्या एका नव्या हॉस्पिटलने तिला मेट्रन म्हणून बोलावलं होतं. आईचं करता करता लग्न राहून गेलेलं, आणि गेल्या वर्षी आईही गेली. मागे धरून ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली.

दादा तिच्याच शहरात राहायचा, पण भाऊ जवळ आहे हे आपलं म्हणायला. त्याचं फर्निचरचं दुकान, त्याचा फोन, त्याची नातवंडं. दोघं भावंडं दहा मिनिटं नुसती बसलीत असं वर्षानुवर्षांत घडलं नव्हतं. नव्या नोकरीची बातमी सांगायला ती त्याच्याकडे गेली, तेव्हा जेवताना तो म्हणाला होता, “तू गाडी घे एक. मी येतो सोडायला. दोन दिवसांचा रस्ता, आपण दोघंच. मस्त गप्पा मारत जाऊ.”

वहिनीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि भात वाढला. भरल्या ताटावर माणसं असं पुष्कळ बोलतात. ते तोंडदेखलं असतं, ऐकणाऱ्यानेही ‘हो हो’ म्हणून सोडून द्यायचं असतं. सिस्टरने ते सोडलं नाही, गाठ मारून ठेवलं.

आणि एक गोष्ट दादापासून लपवली. तिला गाडी चालवता येत होती. आईच्या आजारपणात दर वेळी कुणाच्या विनवण्या नकोत म्हणून ती शिकली होती. शेजारच्या मास्तरांची गाडी मागून आईला तपासणीला न्यायची, हात चांगला बसला होता. आई तपासणीला कशी जाते हे दादाने कधी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं तर तो म्हणणार, “मग जा की तूच.” त्यापेक्षा तोंड मिटून बसलेलं बरं.

गाडी दारात आली. सिस्टरने दादाच्या कमरेसाठी उशी आणली आणि मनात ठेवणीतल्या गप्पा काढून ठेवल्या. बाबांची शिट्टी, पहिल्या घराचा एक पायरी चुकलेला जिना, आईचं खोटं खोटं रागावणं. आई गेल्यापासून ‘तुला आठवतं का’ असं ज्याला म्हणता येईल असं एवढं एकच माणूस तिला जगात उरलं होतं. परक्या मुलुखात जाण्याआधी तिला ते माणूस दोन दिवस पोटभर हवं होतं, बाकी गाडीबिडीचं तिला काही कौतुक नव्हतं.

“दादा, रविवारी सकाळी निघायचं ना?” तिने फोनवर विचारलं.

“हो हो. बघतो.”

पेशंट नुसतं ‘बरं आहे’ म्हणाला तरी त्यातलं खरंखोटं तिला दारातूनच कळायचं. इथे मात्र तिने ‘हो हो’ तेवढं ऐकलं.

रविवारी दादा आला. त्याच्या हातात पिशवी नव्हती. पिशवी होती ती त्याच्या मागे उभ्या असलेल्या एका किडकिडीत माणसाच्या खांद्यावर.

“हा आपल्या दुकानाच्या टेम्पोवरचा,” दादा म्हणाला. “हात अगदी सफाईदार. तुला थेट दारात नेऊन सोडेल.”

“आणि तू?”

“अगं, उद्या माल उतरायचाय. त्यात माझी कंबर ही अशी. तू काही काळजी करू नकोस, त्याच्या परतीचं वगैरे सगळं मी बघितलंय.”

खरंच सगळं बघितलं होतं त्याने. बहिणीला पोचवायचं होतं, पोचवण्याची चोख सोय केली होती. मला ड्रायव्हर नको होता रे, तू हवा होतास, हे सिस्टरच्या अगदी ओठांवर आलं.

“बरं,” ती म्हणाली.

चार रस्ते ओलांडून पेट्रोलपंप मागे पडल्यावर तिने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली.

“ताई, माझं काही चुकलं का?”

“नाही रे बाबा. छान चालवतोस. पण आता तू घरी जा. पुढे मी चालवते.”

“तुम्हाला येते? मग साहेबांनी मला कशाला पाठवलं?”

“त्यांना माहीत नाही. आणि तूही सांगू नकोस. दोन दिवस बायकामुलांत राहा, मग सांग पोचवून आलो म्हणून.”

दारातच नको म्हटलं असतं तर दादा खजील झाला असता, किंवा सुटलो बुवा म्हणाला असता. त्यातलं काहीच तिला बघायचं नव्हतं. आणि भावाच्या जागी भाड्याची सोबत घेऊन दोन दिवस बसणं तिच्याने झालं नसतं, त्यापेक्षा एकटं परवडलं. ड्रायव्हर पिशवी घेऊन उतरला. सिस्टरने सीट पुढे ओढून घेतली आणि निघाली.

दुपारी रस्त्याकडेच्या खाणावळीत ती जेवायला बसली, तेव्हा दादाचा फोन आला.

“कुठवर आलात? नीट चालवतोय ना?”

“हो. सावकाश चालवतो.”

“बोलका आहे तसा. कंटाळा येणार नाही तुला. बोलतोय ना?”

सिस्टरच्या समोरची खुर्ची रिकामी होती.

“खूप बोलतो,” ती म्हणाली. “लहानपणचं सांगत होता. एकदा विहिरीत पडला होता म्हणे. पायरीवर वाकून कासव बघत होता.”

विहिरीत दादा पडला होता. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

“अरे बापरे,” दादा म्हणाला. “मग वाचला कसा?”

“धाकटी बहीण होती बरोबर. तिने ओरडून माणसं जमवली.”

“नशीबवान आहे लेकाचा. बरं, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो. त्याला पोटभर जेवू घाल हं.”

“घालते,” सिस्टर म्हणाली.

तिने जेवण संपवलं, समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गाडीकडे गेली. अजून दीड दिवसाचा रस्ता होता.