पाटी जेवायला बसली

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि मी खोटं बोललेली आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे माझं कौतुक झालेलं ऐकून तुम्ही मला भली समजाल, आणि तसं समजणारे लोक आधीच पुष्कळ झाले आहेत.

माझा जन्म एका मोडक्या होडीतून झाला. मोठ्या तलावाच्या काठी ती होडी कित्येक वर्षं पालथी पडली होती. सुताराने तिची एक धड फळी निवडली, तिच्यावर रंधा मारला, वरच्या कडेला दोन कड्या ठोकल्या आणि मला रंगाऱ्याच्या हवाली केलं. रंगाऱ्याने माझ्या एका अंगावर हिरव्या अक्षरांत ‘वाट खुली आहे’ असं लिहिलं आणि दुसऱ्या अंगावर लाल अक्षरांत ‘वाट बंद आहे’. लाल रंग डब्यात जास्त उरला होता, म्हणून ती अक्षरं त्याने दोनदा गिरवली. त्यामुळे माझी लाल बाजू अधिक ठसठशीत दिसते. मला तिचा थोडा तोराही होता.

तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून खाली कोसळतं. तोच आमचा धबधबा. त्याच्या कडेकडेने एक छोटी पायवाट उतरते. एकशे बारा पायऱ्या, मध्यावर एक बाक, एका बाजूला लाकडी कठडा आणि अगदी खाली एक सपाट खडक. त्या खडकावर उभं राहिलं की धबधबा पुढ्यात दिसतो आणि तुषार तोंडावर येतात. जायला-यायला अर्धा तास पुरे. या वाटेच्या तोंडाशी, दोन खांबांच्या मधे मला टांगलं.

राखणदारकाका रोज सकाळी सांडव्याच्या भिंतीवरच्या खुणा बघायला जायचे. पाणी तिसऱ्या खुणेच्या खाली असलं की ते माझी हिरवी बाजू पुढे करायचे. खुणेच्या वर गेलं की लाल, कारण मग खालच्या पायऱ्या पाण्यात जातात. लोक मला वाचायचे आणि ऐकायचे. लाल बाजू दिसली की कुरकुर करायचे, पण माघारी फिरायचे. दोन तास प्रवास करून आलेलं एक कुटुंब माझ्यासमोर डबा खाऊन तसंच परत गेलं होतं. एका फळीचं माणसं एवढं ऐकतात, हे बघून मला फार बरं वाटायचं.

मग एक दिवस राखणदारकाका जेवायला गेलेले असताना खाली एक मुलगी शेवाळावरून घसरली. गुडघा खरचटला, एवढंच. पण काकांच्या वरच्या साहेबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. “तुम्ही नसताना लोक खाली जातातच कसे?” काका ते ऐकून आले. दुसऱ्या दिवशी बरोबर एक वाजता त्यांनी मला उलटं केलं, साखळी लावली आणि ते जेवायला गेले. पाणी पहिल्या खुणेलाही शिवलेलं नव्हतं.

सुतार तेव्हा कठडा दुरुस्त करायला आला होता. तो म्हणाला, “काका, छोटी वेगळी पाटी करून देतो की. जेवणाची सुट्टी, दोनला या, एवढंच लिहू.”

“कशाला उगाच?” काका म्हणाले. “तासाभराचा तर प्रश्न आहे. ही आहे ना.”

मित्रांनो, फळीला तोंड नसतं हे मलाही कळतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला वाईटही वाटलं नाही. माझी आवडती बाजू रोज तासभर लोकांना दिसणार म्हणून मी खूशच होते.

नेहमी फिरायला येणाऱ्यांना आठवडाभरात सगळं उमगलं. त्यांच्यात एक नर्सबाई होत्या. दवाखान्यातली नोकरी संपवून घरी बसलेल्या, पण स्वस्थ बसणं माहीत नसलेल्या. एकदा दीड वाजता त्या आल्या, लाल अक्षरं बघून थबकल्या, मग काकांच्या खोलीकडे पाहून हसल्या. “पाटी जेवायला बसली वाटतं!” असं म्हणून साखळी ओलांडून त्या खाली गेल्या आणि सुखरूप वर आल्या. तेव्हापासून ते वाक्य सगळ्यांच्याच तोंडी बसलं. एक ते दोनमध्ये कुणी आलं की म्हणायचं, पाटी जेवतेय, चला. काकांच्याही कानावर ते गेलं. त्यांनी रागवायला हवं होतं. ते पोट धरून हसले.

नर्सबाई आपल्या धाकट्या भावाला बरोबर आणायच्या. तो घड्याळं दुरुस्त करायचा. मोठ्या आजारातून उठला होता आणि त्याचा डावा पाय अजून म्हणावा तसा ऐकत नव्हता. बाईंनी त्याला चालता करायचा चंगच बांधला होता. पहिल्या दिवशी दहा पायऱ्या, मग वीस, मग मधल्या बाकापर्यंत. धबधबा खालून कसा दिसतो हे त्याने अजून पाहिलेलं नव्हतं. “शेवटच्या पायरीपर्यंत गेलो की दुकान पुन्हा उघडणार,” असं तो काकांना सांगायचा. काकाही त्याच्या पायऱ्या मोजायचे.

ज्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे, त्या दिवशी लख्ख ऊन होतं. पाऊस झाला होता तो दूर डोंगरापलीकडे. साडेबाराला काकांच्या खोलीतला फोन वाजला. वरून पाण्याचा मोठा लोंढा निघालाय, तलाव भराभर चढणार, असा निरोप होता. काकांनी हातातलं काम टाकलं. ते धावत खाली गेले, खडकावरच्या सगळ्यांना वर आणलं, मला लाल केलं, साखळी अडकवली आणि पलीकडच्या काठावर मासे धरणाऱ्यांना उठवायला भिंतीवरून पळत सुटले. त्यांनी कशातच कसूर केली नाही. मीही त्या दिवशी खरं तेच सांगत होते.

एक वाजून दहा मिनिटांनी बहीण-भाऊ आले.

“ताई, बंद आहे की गं,” भाऊ म्हणाला.

“एक वाजून गेलाय ना? पाटी जेवायला बसलीय. चल, आज शेवटपर्यंत जायचंय तुला.”

“आवाज जरा जास्त येतोय आज.”

“वारा इकडचा आहे. तू पायाकडे बघ.”

बाईंनी साखळी खाली दाबून धरली आणि त्याला हात देऊन पलीकडे घेतलं. त्याचा सदरा मला घासून गेला. मी होते तिथेच, लाल अक्षरं पुढे करून, दोनदा गिरवलेली.

खाली काय झालं ते मला दिसलं नाही. बाईंची किंकाळी मात्र ऐकू आली. पलीकडून काका धावत आले. त्यांनी मला धक्का देऊन बाजूला केलं आणि उड्या मारत खाली गेले. शेवटच्या पायऱ्यांवर पाणी चढलं होतं आणि भाऊ कठड्याला लोंबकळत होता. बाईंनी त्याचा सदरा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. काकांनी त्याला ओढून काढलं. जीव वाचला. पण डावा पाय, तोच पाय, दोन ठिकाणी मोडला होता.

मग चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, “पाटी लाल होती का?”

“होती,” काका म्हणाले.

“साखळी होती?”

“होती.”

“मग तुमची काहीच चूक नाही. पाटी वाचता येत असूनही बाई खाली गेल्या.” काकांनी त्या कागदाखाली सही केली. साहेबांनी माझ्यावर थाप मारली, पाटी चोख काम करते म्हणाले, आणि मला नवा रंग द्यायला सांगितलं. मित्रांनो, आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. तो ओला रंग अंगावर घेऊन मी दोन दिवस उन्हात वाळत होते, आणि तो खरवडून टाकावा असं मला वाटत होतं. बाईंना मात्र सगळ्यांनी नावं ठेवली. सख्ख्या भावाला हाताला धरून पाण्यात नेलं, असं लोक माझ्यासमोर उभे राहून बोलायचे. बाई पुन्हा इकडे फिरकल्या नाहीत.

काकांनी जेवणासाठी मला उलटं करणं बंद केलं. आता ते माझ्याशेजारी खुर्ची टाकून डबा खातात. निम्मा डबा तसाच परत जातो.

परवा दुपारी भाऊ आला. एकटाच, काखेत कुबड्या. पाणी पहिल्या खुणेच्या खाली होतं आणि माझी हिरवी बाजू पुढे होती. काका डबा ठेवून उठले.

“साहेबांना मी खरं सांगितलं नाही,” ते म्हणाले. “रोज दुपारी पाणी चढलेलं नसताना मी वाट बंद करत होतो. पाटीवर विश्वास ठेवायचा नाही, हे तुमच्या ताईंना मीच शिकवलं. उद्या जाऊन सगळं लिहून देतो.”

“द्या,” भाऊ म्हणाला. “ताई अजून धड जेवत नाही.”

मग त्याने मला वाचलं. एकेक अक्षर वाचलं, आणि काकांकडे वळून विचारलं, “खरंच खुली आहे ना?”

मला वाचून झाल्यावर हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता.

“खुली आहे. मी आत्ताच बघून आलोय. चला, मी येतो बरोबर, सावकाश उतरू.”

भाऊ पहिल्या पायरीपर्यंत गेला. मग म्हणाला, “नको. इथूनच दिसतो की.” त्या जागेवरून धबधबा दिसत नाही, मित्रांनो. नुसता ऐकू येतो.

माझ्यावर विश्वास ठेवा, असं म्हणायचा हक्क मी घालवून बसले आहे. पण तुम्हाला वाटेत दुसऱ्या पुष्कळ पाट्या भेटतील. त्यांचं ऐका. आणि कधी एखादी पाटी तुमच्या हातात आली, तर तासाभरासाठीसुद्धा तिला खोटं बोलायला लावू नका.